तिसऱ्या खुर्चीतलं पांढरं

स्वी हॉकनं ज्यात ब्रश बुचकळला तो चहाचा पेला त्याचा नव्हता. खरं सांगायचं तर जिवंत माणसांपैकी तो कोणाचाच नव्हता.

चिनी पंचांगातला सातवा महिना चालू होता. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचा मांडव घातला होता, मांडवात संगीत नाटकाचं स्टेज उभं होतं आणि भर दुपारी, समोर चिटपाखरू नसताना, चेहऱ्याला पांढरा रंग फासलेली एक नटी जीव ओतून गात होती. चिटपाखरू नसताना म्हणजे आपल्या हिशेबानं. पहिल्या रांगेतल्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या या महिन्यापुरत्या वर येणाऱ्यांसाठी राखीव असतात. त्यांचं खरं नाव कोणी तोंडातून काढत नाही, 'बंधुमंडळी' म्हणायचं आणि पुढे चालायचं. त्यांच्यासमोर टेबल, टेबलावर भात, संत्री, भाजलेलं डुकराचं मांस, जाड लाल मेणबत्त्या आणि चहाचे छोटे छोटे पेले. ही गोष्ट पेनांगमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. साठी ओलांडलेल्या आणि याच गल्लीत पडद्यांचं दुकान चालवणाऱ्या स्वी हॉकला तर ती पाठच होती.

पण स्वी हॉकचे डोळे त्या वेळी किलकिले होते.

हा त्याच्या चित्रकलेच्या गुरुजींचा हुकूम. योंग गुरुजींना सगळे 'लाउसू' म्हणत. "डोळे किलकिले कर," लाउसू सांगत, "म्हणजे फापटपसारा निघून जातो. उजेड आणि अंधार उरतो. तेवढं रंगव." मग त्याचं चित्र हातात घेऊन ते म्हणत, "ही पेज आहे, हॉक. आजाऱ्याची पेज. ना मीठ, ना शीत."

लाउसूंचं काही खोटं नव्हतं. जलरंगात पांढरा रंग नसतो, कोरा कागद हाच पांढरा. तो राखायचा आणि दुसऱ्या टोकाला असा काळोख ठोकून द्यायचा की त्या पांढऱ्याला तेज यावं. बाकीच्या सगळ्या छटा या दोघांच्या मधल्या पायऱ्या. स्वी हॉकला दोन्ही टोकांची धास्ती होती. कोरा कागद दिसला की काम अर्धवट राहिल्यासारखं वाटे, म्हणून तो सगळीकडे पातळ रंगाचं पाणी फिरवून घेई. गडद लावायची वेळ आली की हात आखडे, कारण जलरंगात गडद एकदा लागला की निघत नाही, आणि परत घेता येणार नाही असं काही स्वी हॉकनं आयुष्यात केलेलं नव्हतं. लग्न सोडून, असं त्याची बायको म्हणे. त्यामुळे चित्र भर उन्हातल्या बंदराचं असो की वादळाच्या ढगांचं, सगळं मेलं धुक्यातलं.

चित्रकार मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात त्याचं चित्र एकदाही भिंतीवर लागलं नव्हतं. त्याचं त्याला इतकं वाटलं नसतं. पण लाउसूंचे डोळे चालले होते. काचबिंदू. पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले होते. लाउसूंना आता फक्त ठळक उजेड आणि ठळक अंधार दिसे. मधलं सगळं, म्हणजे स्वी हॉकची यच्चयावत चित्रकला, त्यांच्या लेखी कोरा कागद होता. इतकी वर्षं ज्या माणसासाठी चित्रं काढली त्यानं आपलं एकही चित्र न बघता आंधळं व्हावं, हा विचार आला की स्वी हॉकच्या घशाखाली घास उतरत नसे. यंदा काहीही करून लाउसूंना दिसेल असं एक चित्र काढायचं, एवढंच त्यानं मनाशी धरलं होतं.

म्हणून तो किलकिल्या डोळ्यांनी मांडवात शिरला. स्टेजवर भगभगीत उजेड होता आणि पत्र्याखाली काळामिट्ट अंधार. पुढे सरक, मागे सरक करता करता जिथून सगळ्यात झकास दिसलं तिथे त्याच्या मांडीखाली एक खुर्ची आली. पहिल्या रांगेतली, अगदी कडेची. तिथून बाकीच्या खुर्च्या तिरक्या ओळीत दिसत होत्या आणि त्यांच्या पलीकडे स्टेज. तो बसला. पेनांगच्या दुपारी प्लॅस्टिकची खुर्ची चटका देते. ही माठासारखी गार होती. बरं वाटलं म्हणून तो जरा रेलला, पातळ पातळ रंग भरायला लागला, हाताशी पेला होता त्यात ब्रश बुचकळला.

नटी गाता गाता मध्येच थांबली. झांजवाल्याची झांज हवेत राहिली.

"हॉक," मागून आवाज आला. "उठ. सावकाश उठ. आणि ज्याच्या मांडीवर बसलायस त्याची माफी माग."

तो त्योंग पेक होता, डुकराच्या मांसाचा दुकानदार आणि यंदाच्या उत्सवाचा यजमान. पेक म्हणजे काका. गल्लीतले सगळेच त्याला काका म्हणत, कारण त्याच्या हातात बहुतेक वेळा सुरा असे. आवाज ऐकून स्वी हॉक असा दचकला की त्याच्या डबीतली होती नव्हती ती नीळ, पाण्याच्या थेंबाशिवाय, ब्रशाबरोबर कागदावर आडवी फासली गेली. त्याच्या आयुष्यातला पहिला खरा काळोख. तो सावरायला गेला तर शेजारी आणखी फासला. कोपर लागून मेणबत्ती हलली. मग तो ताडकन उठला आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाला, "बसा, बसा, तुम्ही बसा."

"चहा कुठे गेला?" त्योंग पेकनं विचारलं.

पेला ठणठणीत कोरडा होता.

"मी फक्त ब्रश बुडवला, पेक."

"मग प्यायलं कोण?"

झांजवाल्यानं झांज हळूच खाली ठेवली. स्टेजवरची नटी रांगेतल्या तिसऱ्या खुर्चीकडे एकटक बघत होती.

घरी बायको, गिऑक लिआन, पडद्याला काठ घालत बसली होती. तिनं चित्राकडे एक नजर टाकली आणि मशीन थांबवलं. "ही कोण?"

"कोण कोण?"

"तिसऱ्या खुर्चीत बसलीय ती."

स्वी हॉकनं पाहिलं. अंधारात बुडालेल्या खुर्च्यांची रांग आणि तिसऱ्या खुर्चीवर कागदाचा कोरा तुकडा, रंगच न धरलेला. डोकं म्हटलं तर डोकं, खांदे म्हटले तर खांदे. "मेण उडालं असणार," तो म्हणाला. "मेणावर रंग चढत नाही."

"मेण नाही, तुझी आई आहे. मान बघ. मी स्वयंपाक करताना अशीच पाठ फिरवून बसायची."

आई जाऊन वर्षं लोटली होती. स्वी हॉकनं घाईघाईनं रंग कालवला आणि त्या पांढऱ्यावर फिरवला. रंगाचे थेंब झाले आणि अळवाच्या पानावरून ओघळावेत तसे बाजूला ओघळले. भोवतालचं आणखी काळं झालं, मधलं आणखी पांढरं. त्यानं पुन्हा फिरवला.

"थांब, थांब," गिऑक लिआन खुर्ची मागे ओढत म्हणाली. "ती पुढे सरकली."

शेजारी जितका काळोख तितकं पांढऱ्याला तेज, हे लाउसू इतकी वर्षं कंठशोष करून सांगत होते. स्वी हॉकला ते पटलं, पण नको त्या वेळी.

चित्र वाळायला म्हणून दुकानात उभं करून ठेवलं, तिथेच चुकलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या लाय काकू पडदा आखूड करून घ्यायला आल्या आणि पडदा हातात तसाच धरून स्टुलावर बसल्या. "हे आमचे," त्या म्हणाल्या. "असेच पुढे वाकून बसायचे. ऐकू यायचं नाही ना." त्यांनी ते गल्लीत सांगितलं. गल्लीतून एकेक जण यायला लागला. कोणाला आत्या दिसली, कोणाला बुडालेला भाऊ. पडदे न्यायला येणारी माणसं संत्री ठेवून जाऊ लागली. कोणीतरी कुंडीत उदबत्त्या खोचल्या. टेबलफॅन चित्राकडून दाराकडे वारा घालत होता आणि धूर दाराकडून चित्राकडे जात होता. गिऑक लिआननं पंखा बंद करून पाहिला, चालू करून पाहिला, आणि मग त्या विषयावर बोलणं सोडून दिलं.

सगळ्यांना कोणी ना कोणी दिसत होतं. ज्यानं चित्र काढलं त्यालाच कोरा कागद दिसत होता. स्वी हॉकला याचं वाईट वाटत होतं, आणि हे कोणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

असो. चित्र कापडात गुंडाळून तो लाउसूंकडे गेला. लाउसूंनी ते हातभर लांब धरलं, मग नाकाशी नेलं, मग खिडकीकडे तिरपं केलं.

"कोणी काढलं?"

"मी, लाउसू."

"खोटं बोलू नकोस."

"खरंच मी. घाबरून हात गेला."

"मग इतकी वर्षं तुला कोणी घाबरवलं का नाही?" लाउसू म्हणाले. त्यांचं बोट कागदाच्या एक इंच वरून खुर्च्यांच्या रांगेवर फिरत होतं. "हे काळं दिसतंय मला. हे पांढरं दिसतंय. मधल्या पायऱ्यासुद्धा लागताहेत हाताला. हे चित्र आहे, हॉक. रविवारी निवड आहे, मंडळात घेऊन ये. मी स्वतः सांगतो भिंतीवर लावायला."

स्वी हॉकला रडू आलं. त्यानं ते लपवायचीही तसदी घेतली नाही, कारण लाउसूंना ते दिसणार नव्हतं.

तो तरंगत घरी आला तर दुकानात त्योंग पेक गंजिफ्रॉकवर बसला होता. "ती परत द्यावी लागेल," पेक म्हणाला.

"काय परत?"

"काय नाही, कोण. तुझ्याबरोबर निघून आली ती. तिसरी खुर्ची तेव्हापासून रिकामी आहे."

"सगळ्याच रिकाम्या आहेत, पेक."

"बाकीच्या भरलेल्या रिकाम्या आहेत. ती रिकामी रिकामी आहे." पेकनं आवाज उतरवला. "मांजर झोपतंय तिच्यावर. दुसऱ्या एकाही खुर्चीवर चढवून बघ, अंगावरचे केस उभे करून पळतं. नटीचा आवाज त्या बाजूला वळली की फाटतो. शनिवारी संध्याकाळी बंधुमंडळींच्या राजाचा कागदी पुतळा जाळायचा, त्याच्या मांडीवर तुझं चित्र ठेवू. जाळलेलं पोचतं. ती पोचेल. मी कौल लावलाय, हो म्हणालेत."

कौल म्हणजे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचे. एक उताणा आणि एक पालथा पडला की 'हो'. दोन्ही पालथे म्हणजे 'नाही'. दोन्ही उताणे पडले तर ज्यांना विचारलं ते नुसते हसताहेत असं समजायचं. कौलापुढे पेनांगमध्ये वकीलही बोलत नाही.

शनिवारी जाळणार आणि रविवारी निवड. स्वी हॉकनं कपाळाला हात लावला. दुसरं तसंच काढावं तर तो आता घाबरलेला नव्हता, नुसता दुःखी होता, आणि दुःखात त्याचा हात आणखीच पातळ चाले. मग त्याच्या डोक्यात आलं की लोकांना जाळायचीय ती बाई, चित्र नव्हे. बाईच नसली तर जाळतील कशाला? लाउसूंना आवडलाय तो काळोख, तो तर राहीलच. त्यानं चित्रावर टीपकागद ठेवला आणि पडद्यांची जाडजूड इस्त्री तापवली.

"हे काय चाललंय?" गिऑक लिआननं दारातून विचारलं.

"मेण काढतोय. उष्णतेनं वितळतं, टीपकागद शोषून घेतो."

"आईला इस्त्री करतोयस तू. जिवंतपणी कोणाला सरळ करता आली नाही ती."

त्यानं इस्त्री दाबून धरली. मग टीपकागद उचलला. मेणाचा डाग सोडाच, तेलकट ठिपकासुद्धा नव्हता. जसा ठेवला तसा कोरा, आणि बोटांना गार लागत होता. स्वी हॉकनं यावर विचार केला नाही. अवघड गोष्टीवर विचार न करण्याचा त्याला जन्माचा सराव होता. त्यानं ब्रश भरला, पांढऱ्यावर टेकवला आणि या वेळी रंग आपसूक पसरत गेला, जणू कोणी उठून जागा करून दिली. तिसरी खुर्ची बाकीच्यांसारखी काळी झाली.

शुक्रवारी त्योंग पेक चित्राचं माप घ्यायला आला. स्वी हॉकनं विजयी मुद्रेनं ते पुढे केलं. "बघा पेक, ती नाहीच आता. जाळायला कारणच उरलं नाही."

पेकच्या तोंडचं पाणी पळालं. "कुठे गेली?"

"गेली."

"अरे शहाण्या, खुर्चीत नाही. चित्रात नाही. मग आहे कुठे?"

तेवढ्यात आत स्वयंपाकघरात झाकण वाजलं. कोणीतरी उचलून, आत डोकावून, पुन्हा ठेवावं तसं.

"गिऑक लिआन आहे आत," स्वी हॉक म्हणाला.

"मी इथे आहे," गिऑक लिआन त्याच्या मागून म्हणाली.

तिघं जण एकमेकांना पुढे ढकलत आत गेले. चुलीवर बदकाचं सूप शिजत होतं, बाकी कोणी नव्हतं. गिऑक लिआननं पळी बुडवून चव घेतली आणि पळी खाली ठेवली. "मी अजून मीठ घातलेलं नाही," ती म्हणाली. "हे खारट आहे. तिच्या हाताचं आहे." मग ती पदर खोचल्याच्या आवेशात बाहेर आली आणि शिवणयंत्रासमोर बसली. "तुझी आई परत जागेवर जाईपर्यंत मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. तीस-पस्तीस वर्षांत आत्ता कुठे ती चूल माझी झाली होती."

शनिवारी सकाळी बाहेरचे नूडल्स खाऊन स्वी हॉक चित्र घेऊन लाउसूंकडे गेला. निदान तिथे तरी चार शब्द बरे ऐकू येतील अशी त्याला आशा होती. लाउसूंनी कागद नाकाशी नेला. "हा कोणता आणलास?"

"तोच, लाउसू."

"तो नाही. काळं आहे, पण कशापेक्षा काळं? पांढरं कुठे गेलं?"

"मी बुजवलं."

लाउसूंनी कागद चाचपत टेबलावर ठेवला. "मग पेजच आहे," ते म्हणाले. "सोया सॉस ओतलेली पेज." ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते थकल्यासारखे बोलले, आणि स्वी हॉकचं काळीज तुटलं.

जिला घालवायला धडपडला होता तिच्याच पायाशी आता परत ये म्हणून लोळण घ्यायची वेळ आली. त्योंग पेकचंही तेच मत होतं. दुपारी त्यानं मांडवात कौल लावला. हॉकनं पुन्हा त्याच खुर्चीत बसून पुन्हा तेच चित्र काढलं तर ती त्यात परत येईल का, म्हणजे ते जाळून तिला पोचवता येईल? दोन्ही तुकडे उताणे. हसताहेत. पुन्हा टाकले, पुन्हा उताणे. "एवढं हसण्यासारखं काय आहे?" पेक पुटपुटला आणि तिसऱ्यांदा टाकले. एक उताणा, एक पालथा.

मग काय, परवा-परवा ज्या खुर्चीवरून हाकललं तीच पेकनं स्वतःच्या हातानं पुसली, तिच्यातल्या कोणाची तरी वाकून परवानगी मागितली आणि स्वी हॉकला मानानं बसवलं. नवा चहा ओतला. तिसऱ्या खुर्चीवरचं मांजर उठवलं. मागे सगळी गल्ली जमली होती. लाउसूही काठी टेकत आले होते, पांढरा सदरा घालून. "बघू तरी हा कुठल्या चहात ब्रश बुडवतो," म्हणत ते शेवटच्या रांगेत बसले.

खुर्ची तितकीच गार होती. स्वी हॉकनं डोळे किलकिले केले आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटत नाहीये. तासाभरात जाळायचंच आहे, मग चुकलं काय आणि साधलं काय. त्यानं निळीत तपकिरी कालवली आणि पत्र्याखालचा अंधार एका हातात ठोकून दिला. स्टेजचा उजेड कागदाला हात न लावता राखला. खुर्च्यांच्या पाठी, टेबलाची कड, मेणबत्त्यांच्या भोवतीचा धूसरपणा, एकेक पायरी आपापल्या जागी बसत गेली. असं चित्र त्यानं कधी काढलं नव्हतं. तिसऱ्या खुर्चीवर त्यानं माणसाएवढी कोरी जागा सोडली.

"आली?" पेकनं विचारलं आणि कौल टाकला. दोन्ही पालथे. नाही.

स्वी हॉकनं खांदा थोडा उतरवला. नाही. मान बारीक केली. दोन्ही उताणे.

"ती तुझ्या आईची मान नाहीच," गिऑक लिआन मागून म्हणाली.

"आमच्या ह्यांची पण नाही," लाय काकू म्हणाल्या.

ऊन उतरायला लागलं. नटीनं गाणं थांबवलं होतं. स्वी हॉकनं ब्रश खाली ठेवला. "मला दिसतच नाही, पेक," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "तुम्हाला सगळ्यांना दिसतं. माझी आई आहे आणि मलाच दिसत नाही. जे दिसत नाही ते मी राखू कसं?"

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून काठीचा आवाज आला. लाउसूंना मघापासूनची कुजबुज असह्य झाली होती. चित्र बघायचंय म्हणून ते खुर्च्यांच्या पाठी चाचपत थेट पहिल्या रांगेत शिरले. तिसऱ्या खुर्चीशी थांबले, किंचित वाकले, हळूच काहीतरी म्हणाले आणि बसले.

सगळ्या मांडवानं श्वास रोखला. "लाउसू," पेक कसाबसा म्हणाला, "उठा, ती जागा..."

"गप्प बस. हॉक, तू काय बघतोयस? काम कर."

पत्र्याच्या फटीतून उतरतं ऊन नेमकं तिथे येत होतं. पांढरे केस, पांढरा सदरा, आणि भोवती अंधार. स्वी हॉकनं डोळे किलकिले केले. लाउसू नाहीसे झाले, खुर्ची नाहीशी झाली, पांढरं तेवढं उरलं. आता कुठे हात लावायचा नाही ते त्याला दिसलं. त्यानं त्या पांढऱ्याच्या कडेनं गडद फिरवला, एका दमात, न पुसता.

पेकनं तुकडे टाकले. एक उताणा, एक पालथा.

गल्लीनं सुस्कारा सोडला. पेकनं दोन्ही हात पुढे केले. "आण इकडे. राजाच्या मांडीवर ठेवतो, आणि लावतो काडी."

लाउसूंना अजून चित्र दाखवायचंही राहिलं होतं. स्वी हॉकनं मुकाट्यानं कागद उचलला.

"पेक," गिऑक लिआन म्हणाली, "त्यात लाउसू बसलेत."

"मग?"

"मग काय? जाळलेलं पोचतं, तुम्हीच म्हणता. जिवंत माणूस पाठवणार?"

पेकचे पुढे आलेले हात तिथेच राहिले. त्यानं चित्राकडे पाहिलं, लाउसूंकडे पाहिलं, आणि विस्तव हातात आल्यासारखा दोन पावलं मागे झाला. त्याच्या मागचे उत्सवाचे लोक चार पावलं मागे झाले.

"हे आमच्याकडे नको," तो म्हणाला. "घेऊन जा. चुलीपासून लांब ठेव. भिजवू नकोस, फाडू नकोस."

"उद्या निवड आहे. मंडळाच्या भिंतीवर लागलं तर..."

"लागलं तर म्हणजे? लागायलाच पाहिजे. मी येतो उद्या, मी सांगतो त्यांना. आणि खिळा पक्का मारायला सांग." पेकनं घाम पुसला. राजाच्या मांडीवर काय ठेवायचं हा प्रश्न उरला, तेव्हा बुजवलेलं पहिलं चित्र कामी आलं. त्यात कोणीच नव्हतं, त्यामुळे ते जाळायला कोणाची हरकत नव्हती. लोक ते घेऊन कागदी राजाकडे गेले आणि पहिल्या रांगेपाशी स्वी हॉक, लाउसू आणि गिऑक लिआन असे तिघंच उरले.

स्वी हॉकनं चित्र लाउसूंच्या नाकाशी धरलं. लाउसूंनी ते फार वेळ पाहिलं. "हा मी का?" ते म्हणाले. "म्हातारा दिसतो." आणि थोड्या वेळानं, "चांगलं आहे, हॉक. खूप चांगलं आहे."

स्वी हॉकनं डोळे पुसले. मग तो म्हणाला, "लाउसू, त्या खुर्चीत बसायचं नसतं."

"मला कळत नाही का? मी विचारून बसलो. त्या बाई सरकल्या थोड्या."

"कोण बाई?"

"शेजारी होत्या त्या. तोंड काही दिसलं नाही मला, नुसतं पांढरं. म्हणाल्या, पोराला सांगा, खुर्चीच्या पायाशी अजून फिकं आहे, तिथे घाबरलाय."

स्वी हॉकनं पाहिलं. तिसऱ्या खुर्चीच्या पायाशी खरंच त्याचा हात आखडला होता. तो बसला, ब्रश पाण्याशिवाय निळीनं भरला आणि तिथे टेकवला.

"अजून थोडा," कोणीतरी म्हणालं.

लाउसूंना वाटलं गिऑक लिआन बोलली. गिऑक लिआनला वाटलं लाउसू बोलले. स्वी हॉकनं कोणालाच काही विचारलं नाही. त्यानं अजून थोडा घातला.